उसाचे पाणी, मोरोपंतांचे ओठ आणि मेंदूचे यंत्र

बारामतीहून इंदापूरकडे जाताना नीरा डाव्या कालव्याच्या भिजवणीत पसरलेल्या आडसाली उसाच्या एखाद्या फडापाशी, ज्याने उभे आयुष्य दारे धरण्यात घालविले आहे असा एखादा वृद्ध बागायतदार भर दुपारी बांधावर उभा राहतो, पानांच्या वळण्याकडे क्षणभर पाहतो, मूठभर माती उकरून दाबून बघतो आणि “परवापर्यंत पाणी मिळालं पाहिजे, न्हाई तर ताण बसंल” असा निकाल देऊन मोकळा होतो. हा निकाल कशावरून दिला असे त्यास विचारावे तर तो दोन-तीन कारणे सांगतो खरा. परंतु ती कारणे जशीच्या तशी पाठ करून आपण दुसऱ्या फडावर निकाल देऊ गेलो, तर आपली फजिती होण्याचा संभव अधिक. जेवढे त्याला कळते तेवढे त्याला सांगता येत नाही, आणि जे त्याने सांगितले त्यावर त्याचा निकाल उभा नसतो.

त्याच परिसरातील दुसऱ्या फडात हाच निकाल निराळ्या वाटेने येतो. तेथे मातीत रोवलेले संवेदक, म्हणजे ओल, उष्णता, क्षार यांची मापे घेणारी उपकरणे, अखंड नोंदी करीत असतात. त्या नोंदी, हवामानकेंद्राची टिपणे आणि उपग्रहाने टिपलेली चित्रे ही सारी सामग्री दूरच्या संगणकाकडे रवाना होते, आणि तेथे तिची छाननी होऊन शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला येतो. आप्पासाहेब पवार यांनी १९७१ साली स्थापन केलेल्या बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने उसावर हा प्रयोग चालविला असून, २०२५ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी त्याचा जाहीर उल्लेख केल्यापासून त्याची चर्चा पारावरच्या गप्पांतही शिरली आहे.

आता समजा, म्हाताऱ्याचा निकाल आणि यंत्राचा निकाल एकच आला. उत्तर एक आले म्हणून रीतही एकच असली पाहिजे काय? मानवी मेंदू हा एक प्रकारचा संगणकच होय की काय, या बहुचर्चित प्रश्नाचे हे घरगुती रूप आहे. “डोकं हँग झालं”, “मेमरी फुल झाली” असे शाळकरी मुलेही बोलतात, तेव्हा त्यांनी हा वाद न कळत निकालात काढलेला असतो. तो इतक्या लवकर निकालात निघण्याजोगा नाही.

प्रत्येक युगाचे आपले यंत्र

मेंदूला यंत्राची उपमा देण्याची चाल संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने राजोद्यानांतील पाण्याच्या दाबावर हलणारे पुतळे पाहिले आणि मज्जातंतूंतूनही असाच काही द्रव वाहत असावा असे अनुमान केले. एकोणिसाव्या शतकात तारायंत्र आले तेव्हा तंतू म्हणजे तारा ठरल्या. पुढे टेलिफोनची केंद्रे उभी राहिली तेव्हा मेंदू हे केंद्र झाले. त्या त्या काळी जे यंत्र सर्वांत विस्मयकारक, त्याच्याशी मेंदूचे नाते जोडले गेले, एवढ्यावरून काही विद्वान संगणकाच्या उपमेसही त्याच माळेत ओवून टाकतात. मला ही घाई वाटते. हृदय हा रक्त ढकलणारा पंप होय ही कल्पनाही यंत्रावरूनच आली होती, आणि ती टिकली. उपमा जुन्या खोडीतून आली एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. तिचा तपशील ताडून पाहिला पाहिजे.

दरवाजा केव्हा उघडतो

तपशील ताडावयाचा तर मेंदूच्या सर्वांत लहान कामगारापासून आरंभ करावा. त्याचे नाव चेतापेशी. तिला एका बाजूस झाडाच्या फांद्यांसारखे पुष्कळ तंतू असतात, ज्यांवाटे इतर पेशींचे संदेश येतात, आणि दुसऱ्या बाजूस एक लांब तंतू असतो, ज्यावाटे तिचा स्वतःचा संदेश पुढे जातो. दोन पेशी जेथे एकमेकींच्या निकट येतात त्या जागेस संपर्कस्थान म्हणतात. तेथे किंचित फट असते आणि ती फट रासायनिक द्रव्ये ओलांडतात.

येथे पुणे जिल्ह्यातलाच एक जुना दाखला उपयोगी पडेल. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसविले. जलाशयाची पातळी ठरावीक रेषेवर चढली की ते आपोआप उघडत, उतरली की मिटत. हुकूम देणारा कोणी कारकून किंवा चौकीदार लागत नसे. चेतापेशी ही स्थूलमानाने अशाच दरवाजासारखी आहे. तिच्याकडे येणाऱ्या संदेशांपैकी काही पातळी चढविणारे, काही उतरविणारे असतात. सर्वांची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ती एक विद्युत्स्पंद पुढे सोडते, न गेली तर गप्प राहते. अर्धा स्पंद असा प्रकार तिच्यापाशी नाही.

१९४३ साली वॉरन मॅकलक व वॉल्टर पिट्स या दोघा अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की अशा दरवाजांची जुळणी युक्तीने केली तर त्यांच्याकडून तर्कशास्त्राची कामे करून घेता येतात. दोन चाऱ्यांचे पाणी एकाच वेळी आले तरच उघडणारा दरवाजा ‘हे आणि ते’ असे म्हणतो. दोहोंपैकी कोणत्याही एका चारीने उघडणारा दरवाजा ‘हे किंवा ते’ म्हणतो. पाणी आले की मिटणारा ‘नव्हे’ म्हणतो. संगणकाचा सारा डोलारा या तीन शब्दांवर उभा आहे. तेव्हा मेंदू आणि संगणक यांचे गोत्र एक असावे असे त्या पिढीस वाटले, यात नवल नाही.

तथापि दरवाजा हा चेतापेशीचा केवळ पहिला खर्डा होय. खरी पेशी संदेश केव्हा आले, कोणत्या फांदीवर आले, आसपास कोणती द्रव्ये पाझरली आहेत, या सर्वांचा विचार करते. २०२१ साली इस्रायलमधील संशोधकांनी मेंदूच्या बाह्यांगातील एकाच पेशीचे वर्तन संगणकावरील कृत्रिम जाळ्याकडून हुबेहूब वठवून घेण्याचा यत्न केला, तेव्हा त्यांना पाच ते आठ थरांचे जाळे लागले. एका शिपायाचे काम करावयास अख्खी कचेरी नेमावी लागली म्हणा ना!

पाळीपत्रक आणि पाट

खरी तफावत मात्र पेशीच्या घडणीत आहे त्याहून स्मरणाच्या व्यवस्थेत अधिक आहे.

कालव्याचे पाणी हवे असेल तर शेतकरी नमुना सातचा अर्ज भरतो, त्याची नोंद पाटबंधारे खात्याच्या दप्तरात होते, पाळीपत्रक तयार होते आणि त्याबरहुकूम पाटकरी दार उघडतो. नोंद दप्तरात, पाणी कालव्यात. दोहोंचा संबंध केवळ हुकमापुरता. अस्तर केलेल्या कालव्यातून हजार वेळा पाणी गेले तरी दप्तरातील अक्षर हलत नाही आणि कालव्याचा आकारही बदलत नाही. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी संगणकाची रचना हुबेहूब अशी आहे. स्मृती एकीकडे, आकडेमोड करणारा भाग दुसरीकडे, आणि दोहोंमध्ये माहितीची सतत ने-आण. स्मृतीतील नोंद काढली म्हणजे तिची नक्कल येते, अस्सल जागच्या जागी राहते.

परंतु चारी संपून पाणी शेतात शिरते तेथे मातीचा पाट लागतो, आणि मातीच्या पाटाची रीत निराळी. ज्या बाजूने पाणी वारंवार जाते तेथे तो खोल व रुंद होत जातो; जी फांदी दोन हंगाम कोरडी राहिली तिच्यात गाळ बसतो, हरळी माजते आणि पुढे पाणी तिकडे वळेनासे होते. गेल्या वर्षी पाणी कोठून कोठे गेले याचे दप्तर या शेतात कोठेही ठेवलेले नसते, आणि तरीही ती सारी हकीकत पाटाच्या आकारात नोंदलेली असते. वाहणे आणि नोंदणे ही तेथे दोन कामे उरत नाहीत.

मेंदू हा असा मातीचा पाट आहे. दोन चेतापेशी वारंवार एकामागून एक जाग्या होऊ लागल्या की त्यांच्यामधील संपर्क बळकट होत असला पाहिजे, हा तर्क कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली मांडला. १९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत तसे बळकटीकरण तासन्तास टिकून राहिलेले प्रत्यक्ष मोजले. आणि एरिक कँडेल यांनी समुद्रातील एका गोगलगाईवर प्रयोग करून दाखविले की अल्पकाळच्या शिकवणुकीने संपर्कस्थानी पाझरणाऱ्या द्रव्याचे प्रमाण बदलते, तर दीर्घकाळच्या शिकवणुकीने नवी संपर्कस्थानेच उगवतात. त्या कामास २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

या रचनेचे परिणाम फार दूरवर जातात. आठवणे म्हणजे पाटातून पुन्हा पाणी सोडणे होय, आणि पाणी पुन्हा गेले की पाट थोडा बदलतोच. एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी १९७४ साली काही विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखविली आणि मोटारी ‘आपटल्या’ तेव्हा त्यांचा वेग काय होता असे काहींस, व ‘धडकल्या’ तेव्हा काय होता असे इतरांस, अशा कमीअधिक जोरकस क्रियापदांनी प्रश्न केला. जोरकस शब्द ऐकणाऱ्यांनी वेग अधिक सांगितला, एवढेच होऊन थांबले नाही. आठवड्याने विचारता त्यांच्यापैकी अधिक जणांना फुटलेली काच पाहिल्याचेही स्मरले. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. संगणकातील नोंद प्रश्नाच्या शब्दयोजनेने बदलत नाही. साक्षीदाराची बदलते, आणि तो प्रामाणिक असूनही बदलते. न्यायासनावरून केवळ स्मरणावर विसंबून निकाल देणाऱ्यांनी हा प्रयोग नीट ध्यानात ठेवावा.

दुसरी गोष्ट, स्मरणाचे कोठारही एक नाही. अमेरिकेतील हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूचा काही भाग अपस्मारावरील उपाय म्हणून १९५३ साली शस्त्रक्रियेने काढण्यात आला, तेव्हापासून त्यास नवी घटना काही मिनिटांपलीकडे ध्यानात राहीना. परंतु आरशात पाहून आकृती गिरविण्याचे काम त्यास रोज दिले असता त्याचा हात दिवसेंदिवस सफाईदार होत गेला, आणि प्रत्येक दिवशी तो म्हणे की हे काम आपण पूर्वी कधी केलेलेच नाही. हाताचे शिकणे आणि घटनेचे आठवणे यांचे पाट निराळे आहेत. उसाकडे पाहून निकाल देणाऱ्या म्हाताऱ्यास कारण का सांगता येत नाही, याचा उलगडा बराचसा येथे होतो: वर्षानुवर्षे पाहून, चुकून, सुधारून त्याची नजर घडली आहे, आणि त्या घडणीची जबानी देण्याची मुखत्यारी त्याच्या जिभेकडे नाही.

चौकट : आकड्यांची रुजुवात

मानवी मेंदूचे वजन सुमारे १.३ ते १.४ किलो, चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी, पैकी बहुसंख्य लहान मेंदूत. एका स्पंदास सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. अतिवेगवान तंतूत संदेश सेकंदास सुमारे १२० मीटर धावतो. साध्या संगणकाचा ठोका सेकंदास काही अब्ज वेळा पडतो. मेंदूचा ऊर्जेचा खर्च सुमारे २० वॉट, म्हणजे दिवसास जेमतेम दोन-तीन भाकरींची ऊर्जा. अमेरिकेतील ‘फ्रंटिअर’ या महासंगणकास सुमारे २ कोटी वॉट लागतात.

शंभर पायऱ्यांत ओळख

या आकड्यांतून एक कोडे उभे राहते. गर्दीच्या आठवडी बाजारात दूरवरून येणारा नातलग आपण अर्ध्या सेकंदात ओळखतो. एकेका पेशीस काही सहस्रांश सेकंद लागत असतील, तर एवढ्या अवधीत एकामागून एक अशा जेमतेम शंभर पायऱ्या होऊ शकतात. शंभर पायऱ्यांत चेहरा ओळखणारा आज्ञासंच कोणीही लिहू शकत नाही. मेंदू तो ओळखतो याचा अर्थ इतकाच की प्रत्येक पायरीवर कोट्यवधी पेशी एकाच वेळी कामास लागलेल्या असतात.

हे तत्त्व संगणकासही अगदी परके नाही. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला, तो ६४ प्रक्रियक एकत्र जुंपूनच. परंतु चौसष्ट जुंपणे आणि हजारो कोटी जुंपणे यांत जो फरक आहे, तो संख्येपुरता राहत नाही.

ओठास ओठ न लागता

बारामती हे मोरोपंतांचे गाव. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेले मोरेश्वर रामाजी पराडकर बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस आले, पुराणिक म्हणून राहिले आणि १७९४ साली तेथेच निवर्तले. त्यांनी अष्टोत्तरशत रामायणे रचिली असे परंपरा सांगते, आणि त्यांपैकी एक ‘निरोष्ठ’, म्हणजे ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून रचलेले आहे. प, फ, ब, भ, म ही अक्षरे नाहीत. तेव्हा रामायणात ‘राम’ हा शब्दच बाद! या खटाटोपास काव्य म्हणावे की कसरत, याविषयी मराठी टीकाकारांनी पुष्कळ शाई खर्चिली आहे. माझे मत कसरतीकडे झुकते, परंतु मेंदूच्या अभ्यासकास ही कसरत मोठी मोलाची आहे.

संगणकास हे काम दोन प्रकारे सांगता येईल. पहिला प्रकार जुना: शब्दकोश चाळून वर्ज्य अक्षरांचे शब्द गाळावे, उरलेल्यांतून मात्रा जुळवाव्या. गाळण्याचे काम क्षणार्धात होईल, अर्थ जुळविताना यंत्र अडेल. दुसरा प्रकार आजच्या भाषायंत्रांचा. अफाट लेखन वाचवून त्यांना पुढचा तुकडा कोणता येईल याचा अदमास बांधण्यास शिकविलेले असते. ती अर्थपूर्ण वाक्ये सहज रचतात, परंतु अमुक अक्षर टाळा असे फर्माविले की पुष्कळदा चुकतात, कारण त्यांना अक्षरे सुटी दिसतच नाहीत, शब्दांचे तुकडे दिसतात. पहिल्यास अर्थ जड, दुसऱ्यास अक्षर जड.

आणि मोरोपंत? त्यांनी कोश चाळला नसणार. तोंडातल्या तोंडात आर्या पुटपुटावी, कोठे ओठ मिटले की चूक कळावी, एवढी साधी कसोटी त्यांच्या चेहऱ्यावरच होती. नियम पाळण्याचे निम्मे काम त्यांच्या ओठांनी केले असावे, मात्रांचा हिशेब श्वासाने व ठेक्याने केला असावा, आणि मेंदू या साऱ्यांच्या मसलतीने चालला असावा. संगणकास पेटीत बसून कागदोपत्री विचार करता येतो. मेंदूला शरीर नुसते वाहन म्हणून लाभलेले नाही, ते त्याच्या विचाराचे साधन आहे. म्हाताऱ्या बागायतदाराच्या मुठीत दाबलेली माती हीदेखील त्याच्या विचाराचाच भाग होती.

उपमा उलटली

गेल्या काही दशकांत मौज अशी झाली की मेंदूला संगणकाची उपमा देता देता माणसांनी संगणकालाच मेंदूसारखे घडवावयास घेतले. उसाच्या प्रयोगात आहेत त्या जातीच्या यंत्रांत नियमांचा जाबता कोणी आधी लिहून ठेवीत नाही. उदाहरणे दाखवीत दाखवीत जाळ्यातील जोडांचे आकडे थोडेथोडे कमीअधिक केले जातात, आणि अखेरीस जाळे बरोबर उत्तर देऊ लागते. हेबच्या कल्पनेचे हे दूरचे वंशज होत. या विषयाच्या पायाभूत कामाबद्दल जॉन हॉपफील्ड व जेफ्री हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग आता तरी भेद मिटला काय? एक मोठा भेद अद्याप शिल्लक आहे. अशा यंत्राचे शिकणे आणि वापरणे हे बहुधा दोन निरनिराळे हंगाम असतात. शिकविताना पाट मातीचा असतो. शिकवणूक संपली की त्यास सिमेंटचे अस्तर दिले जाते, आणि मग लाखो शेतकऱ्यांनी लाखो प्रश्न विचारले तरी तो आपल्या जागी कायम. मेंदूस असे अस्तर कधीच मिळत नाही. या ओळी वाचताना वाचकाच्या मेंदूतील काही संपर्कस्थाने बदलली असतील, त्यास इच्छा असो वा नसो.

नकाशा हाती आल्यावर

जर सारी नोंद पाटाच्या आकारात आहे, तर पाटांचा पूर्ण नकाशा काढला म्हणजे मेंदू उलगडेल, अशी आशा वाटणे स्वाभाविक आहे. एका सूक्ष्म कृमीच्या ३०२ चेतापेशींचा जोडणी-नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला. फळमाशीच्या मेंदूतील सुमारे १,३९,००० पेशींचा व ५ कोटींहून अधिक संपर्कस्थानांचा नकाशा २०२४ साली पूर्ण झाला. हे पराक्रम असामान्य आहेत. तरीही कृमीचा नकाशा हाती येऊन चाळीस वर्षे होत आली असता, केवळ त्यावरून तो पुढच्या क्षणी काय करील हे खात्रीने सांगता येत नाही.

यामागील एक कारण ईव्ह मार्डर यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. खेकड्याच्या जठराचे स्नायू हलविणाऱ्या, अवघ्या तीसएक चेतापेशींच्या जाळ्यावर त्यांनी अनेक दशके काम केले. जाळे तेच, जोडणी तीच. परंतु निरनिराळी रासायनिक द्रव्ये त्यावर पाझरली की तेच जाळे निरनिराळे ठेके धरते. उलट, आतील मापे एकमेकांपासून फार भिन्न असलेली दोन जाळी अगदी एकसारखा ठेकाही धरू शकतात. संगणकाच्या तारांवर कोणी चहा सांडला तर तो नव्या रीतीने विचार करू लागत नाही, बंद पडतो. मेंदूत मात्र भूक, भीती, झोप, ताप यांची द्रव्ये अहोरात्र पाझरत असतात, आणि त्यांच्यावाचून तो चालतच नाही.

तेव्हा टेबलावर असतो तसला संगणक म्हणजे मेंदू काय, या प्रश्नास माझे उत्तर स्वच्छ नकारार्थी आहे. मेंदू जे करतो त्यास व्यापक अर्थाने गणन म्हणता येईल काय, हा प्रश्न निराळा; त्याचा निवाडा व्हावयाचा तर आधी गणन कशास म्हणावे याविषयीच गणितज्ञ व जीवशास्त्रज्ञ यांची एकवाक्यता व्हावी लागेल. खुद्द फॉन नॉयमन यांनी शेवटच्या आजारपणात येल विद्यापीठासाठी याच विषयावर व्याख्याने लिहावयास घेतली होती. ती त्यांना देता आली नाहीत. १९५७ साली ते वारले आणि अपुरे हस्तलिखित पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने निघाले. मेंदूची आंतरिक भाषा ही आपल्या गणिताची भाषा नसावी, अशा आशयाचा संशय त्याच्या अखेरीस व्यक्त झाला आहे, आणि आजच्या संगणकांच्या रचनेस ज्याचे नाव चिकटले आहे त्याच माणसाने तो घेतलेला आहे.